पावणेतीन लाखांची तक्रार, साडेसहा लाखांचे चेक

पत्र, थोडक्यात : मी अमळनेर तालुक्यातला. १२ जूनला पारोळा तालुक्यातला चालू शेळीपालन फार्म १९ लाख ५० हजारांत घेतला. करार ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. त्यात ८२ उस्मानाबादी शेळ्या, ४ जातिवंत बोअर बोकड, ३७ करडं, कुट्टी (चारा कापायचं) यंत्र व सामान, फार्मचं नाव, ग्राहक यादी आणि शेड पाच वर्षं भाड्याने, असं लिहिलंय. ‘६० शेळ्या गाभण’ आणि ‘सर्व जनावरांना पीपीआर व आंत्रविषार लस दिलेली आहे’ हेही आहे (पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथरोग, आंत्रविषार म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग). ९ लाख बँकेतून आणि ४ लाख रोख दिले, दोन्हींची नोंद करारात आहे. बाकी साडेसहा लाखांचे सव्वातीन-सव्वातीन लाखांचे दोन चेक दिलेत, १५ ऑक्टोबर आणि १५ जानेवारीचे. शेळी ११ हजार, बोकड ४५ हजार, करडू ४ हजार, यंत्र-सामान १ लाख २० हजार आणि ‘नाव-गिऱ्हाईक-बसवलेला धंदा’ ६ लाख, असा दरवार मेसेज सौद्याआधी त्याने पाठवला होता. करारात मात्र एकच ठोक रक्कम आहे. ताब्यात ७६ शेळ्या आल्या, ‘सहा नंतर देतो’ म्हणाला. १६ जूनला मी बाजारातून ८ शेळ्या आणून त्यातच सोडल्या. २५ जूनपासून दोन आठवड्यांत फार्मच्या ११ शेळ्या आणि १४ करडं मेली. आजवर ३१ शेळ्याच व्यायल्या. एक बोकड क्रॉस (संकरित) निघाला. विकणाऱ्याने सहा किलोमीटरवर भावाच्या नावाने नवा फार्म टाकलाय आणि जुन्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर माल विकतोय. शेडची जागा त्याच्या काकांची, ते म्हणतात दिवाळीपर्यंत खाली करा. मधल्या काळात ९ करडं मी विकली. सगळं परत करून पैसे मागू का? चेक थांबवू का? ४२० ची केस टाकू का?

भाऊ,

‘सगळं परत’ हा विचार आधी सोडा, म्हणजे बाकीचं सोपं होईल. शेळी ही कायद्याच्या लेखी ‘माल’च, तिला १९३० चा मालविक्री कायदा लागतो. सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर तो नाकारता येतो, पण स्वीकारायच्या आधी. तुम्ही ताबा घेतलात, त्यात बाजारच्या आठ शेळ्या मिसळल्यात आणि नऊ करडं विकलीत. दुसऱ्याचा माल कुणी विकत नाही. जी वस्तू तुम्ही मालक म्हणून विकलीत ती स्वीकारलीच, असं कोर्ट म्हणणार. एकदा स्वीकार झाला की माल परत करायचा हक्क जातो आणि नुकसानभरपाईचा उरतो. फसवणूक म्हणून अख्खा करारच रद्द मागायची वाट १८७२ च्या करार कायद्यात आहे. पण तिथेही घेतलेलं परत द्यावं लागतं, आणि मेलेल्या ११ शेळ्या तुम्ही आणणार कुठून?

उरलेला हक्क मात्र चांगलाच कामाचा आहे. मालविक्री कायद्याचं कलम ५९ सांगतं की विकणाऱ्याने दिलेली हमी खोटी निघाली तर तेवढी रक्कम द्यायच्या बाकीतून कापून मागता येते. तुमच्याकडे साडेसहा लाख बाकी आहेत, म्हणजे वसुलीसाठी तुम्हाला त्याच्या मागे धावायचं नाही. दावा नेमका किती, हा खरा प्रश्न.

त्याच्याच मेसेजच्या दराने मांडू. ८२ शेळ्यांचे ९ लाख २ हजार, बोकडांचे १ लाख ८० हजार, करडांचे १ लाख ४८ हजार, सामानाचे १ लाख २० हजार, नावाचे ६ लाख. बेरीज बरोबर १९ लाख ५० हजार येते. करारात ठोक आकडा असला तरी मेसेजची बेरीज त्याला तंतोतंत जुळते, हे तुमचं नशीब. असे सौदे बहुतेक इथेच फसतात. ठोक रकमेत शेळीची किंमत किती आणि नावाची किती हे कुणालाच दाखवता येत नाही, मग सहा शेळ्या कमी आल्या तर किती कापायचे यावर दोन वर्षं तारखा पडतात. तो मेसेज, व्हॉइस नोट, ग्रुपवरच्या पोस्टी असलेला मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून देतील, पण मूळ फोन हाताशी असलेला बरा.

कमी आलेल्या सहा शेळ्यांचे ६६ हजार, ही सर्वांत पक्की रक्कम. ‘सहा नंतर देतो’ हे त्याने लिहून किंवा बोलून पाठवलं असेल तर विषयच संपला. नसेल तर आज साधा मेसेज टाका : ‘करारातल्या ८२ पैकी ६ शेळ्या अजून मिळालेल्या नाहीत, कधी देता?’ तो ‘बघू’ म्हणाला तरी चालेल. ‘मी ८२ दिल्या’ असं त्याने चार महिन्यांत एकदाही म्हटलेलं नाही, एवढं दिसलं की पुरे.

क्रॉस बोकडाचं प्रकरण पैशाने छोटं आणि पुराव्याने किचकट. बोअरचं पांढरं अंग, तांबूस डोकं, लोंबते कान, बाकदार नाक ही लक्षणं तीन पिढ्या चढवलेल्या क्रॉसमध्येही बऱ्यापैकी येतात, म्हणून ‘ओळखीच्याने बघून सांगितलं’ याला वजन नाही. सध्या जन्मलेली करडंही पुरावा नाहीत, कारण त्यांचा बाप तोच बोकड हे कोण सांगणार? तो बोकड कुठून, कितीला घेतला याची विकणाऱ्याकडची पावती मागा. ती दिली नाही, हेही तुमच्याच बाजूला जमा होतं. जातिवंत आणि क्रॉस बोकडाच्या भावातला फरक दोन व्यापाऱ्यांकडून तारीख-सहीनिशी लिहून घ्या. तशा क्रॉसला १८ हजार मिळत असतील तर दावा २७ हजारांचा, पूर्ण ४५ चा नाही.

आता मर. तुमच्या पत्रातली सर्वांत महागडी ओळ आहे ‘बाजारातून ८ शेळ्या आणून त्यातच सोडल्या’. विकणाऱ्याचा वकील तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचेल. पीपीआरची लागण झाल्यापासून ताप यायला साधारण चार ते सहा दिवस लागतात, पुढे आठवडाभरात मर सुरू होते. १६ ला बाजारच्या शेळ्या आल्या, २० ते २२ ला ताप, २५ ला पहिली मेली. हिशेब त्याच्या बाजूने चपखल बसतो. शिवाय मालकी आल्यावर जनावराची जोखीम घेणाऱ्याची, हा साधा नियम आहेच. नवीन जनावर निदान २१ दिवस वेगळं बांधायचं असतं, वेगळ्या गव्हाणीत, वेगळ्या पाण्यावर, ते यासाठीच.

म्हणून मेल्याची नाही, आजारी पडल्याची पहिली तारीख शोधा. पहिल्या करडाला शेंबूड, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड किंवा हगवण कधी दिसली? १७-१८ जूनलाच दिसली असेल तर रोग बाजारच्या शेळ्यांनी आणलेला नव्हे, शेडमध्ये आधीच होता. दवाखान्याचा केसपेपर, मेडिकलचं बिल, डॉक्टरांना केलेल्या फोनची नोंद, करडाचा फोटो पाठवला असेल तर त्याची वेळ, यातलं काहीही चालेल. बाजारच्या आठ शेळ्यांचं काय झालं तेही लिहून ठेवा. त्या ठणठणीत राहिल्या की आधी पडल्या, यावरही बरंच ठरतं.

पण या ओळीवर उतारा त्याच्याच करारात आहे. ‘सर्व जनावरांना पीपीआर लस दिलेली आहे’ असं त्याने लिहून दिलंय. त्वचेखाली १ मिली दिलेली पीपीआरची लस साधारण तीन वर्षं संरक्षण देते. मोठ्या शेळ्यांना ती खरंच, नीट दिलेली असती तर बाजारातून रोग आला तरी अकरा शेळ्या मेल्या नसत्या. म्हणजे रोग कुणी आणला हा वाद बाजूला ठेवता येतो आणि लस दिली होती का एवढाच प्रश्न उरतो. ते तपासायला आता रक्त काढू नका, पैसे वाया जातील. जगलेल्या शेळ्यांच्या रक्तात लागणीमुळेही प्रतिद्रव्यं असतात आणि लसीमुळेही, ती कशाची हे त्या तपासणीत कळत नाही. पुरावा नोंदीत मिळेल. शेळ्यांच्या कानात बारा आकडी बिल्ला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात तो नंबर सांगून भारत पशुधन प्रणालीत त्या शेळीला कोणती लस कधी टोचली ते पाहता येतं. बिल्ला नसेल तर फार्मच्या गावच्या दवाखान्याचं लसीकरण रजिस्टर आहे. माहिती अधिकारात त्या फार्मच्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदी मागा. ‘मी खासगी डॉक्टरकडून टोचून घेतली’ असं तो म्हणाला तर लसीचं बिल आणि बॅच नंबर त्याने दाखवायचा.

दोन शेळ्यांचं शवविच्छेदन झाल्याचं तुम्ही लिहिलंय आणि डॉक्टर तोंडी ‘पीपीआर वाटतो’ म्हणाले. त्याचा लेखी अहवाल याच आठवड्यात घ्या. आंत्रविषार, पीपीआर आणि नुसता फुफ्फुसदाह यांत आतड्यांवर, मूत्रपिंडावर, फुफ्फुसावर दिसणाऱ्या खुणा वेगळ्या असतात, त्या अहवालात यायला हव्यात. आंत्रविषार निघाला तर विकणारा म्हणेल तुम्ही खुराक एकदम बदलला, मक्याचा भरडा वाढवला, आणि तसं होतंही. करडांचं वेगळं. तीन-चार महिन्यांखालच्या करडांना पीपीआरची लस देतच नाहीत, त्यामुळे मेलेल्या चौदांपैकी लहान किती होती यावर त्यांचे ५६ हजार टिकतात की जातात ते ठरेल. शेळ्यांचे १ लाख २१ हजार जास्त भक्कम आहेत. मरीचे दोन्ही मिळून १ लाख ७७ हजार. सहा शेळ्यांचे आणि बोकडाचे मिळून त्यातल्या त्यात पक्के ९३ हजार धरून एकूण २ लाख ७० हजार झाले.

‘६० गाभण’ यावर तुमचा राग जास्त आहे, पण आज हा दावा कच्चा आहे. शेळीची गाभण साधारण १५० दिवसांची, पाच दिवस इकडे-तिकडे. करारात नुसतं ‘गाभण’ म्हटलंय, किती महिन्यांची ते नाही. ११ जूनला बोकड लागलेली शेळीही १२ जूनला गाभणच. १२ जूनपासून १५५ दिवस १४ नोव्हेंबरला भरतात, तोपर्यंत व्यायलेली प्रत्येक शेळी त्याच्या खात्यात जाईल. शिवाय मेलेल्या अकराही गाभणच होत्या असं तो म्हणणार. मग ६० मधून ११ गेल्या, ४९ राहिल्या, त्यातल्या ३१ व्यायल्या. तूट २९ ची नाही, १८ ची, आणि तीही नोव्हेंबरपर्यंत कमी होत जाईल. न दिलेल्या सहा शेळ्यासुद्धा गाभण होत्या असं त्याने सांगितलं तर सांगू द्या. मग त्या सहांचा भाव गाभण शेळीचा लावायचा.

मात्र व्हॉइस नोटमध्ये ‘दोन-चार महिन्यांच्या गाभण आहेत’ असं काही बोलला असेल तर ती जपा. दोन महिन्यांची शेळी पुढच्या ९० दिवसांत, म्हणजे १० सप्टेंबरच्या आसपास व्यायला हवी होती. ते बोलणं करारातल्या शब्दाच्या विरोधात जात नाही, त्याचा अर्थ सांगतं, म्हणून वकिलाला वापरता येईल. आत्ता न व्यायलेल्या मूळ शेळ्यांची सोनोग्राफी करून घ्या, प्रत्येकीचा बिल्ला नंबर अहवालात टाकून. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जी शेळी साडेतीन महिन्यांच्या बरीच आत गाभण दिसते, ती तुमच्याकडे लागलेली. जी भाकड दिसते, तिच्याबद्दल विचारायचं : व्यायली नाही की गाभ टाकला? पीपीआरमध्ये शेळ्या गाभडतात, आणि तसं झालं असेल तर ती शेळी गाभण होती हेच सिद्ध होतं. गाभडलेल्यांची तारीखवार यादी करा. गाभ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, शेळ्यांना गाभ टाकायला लावणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही लागतो. हातमोजे घाला, चुना टाकून पुरा आणि दवाखान्यात त्या शेळ्यांचं रक्त द्या. इथे मात्र रक्ततपासणी कामाची आहे.

आता चेक. पावणेतीन लाखांच्या तक्रारीसाठी तुम्ही साडेसहा लाख अडवायला निघालात, आणि त्यातले पक्के ९३ हजार. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगितलं तरी चेक न वटल्याचा १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केलंय. चेक परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत तो नोटीस देईल, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात फिर्याद. त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. कोर्ट आधी गृहीत धरतं की देणं होतंच, नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायचा आदेशही होऊ शकतो. ‘तो सिक्युरिटी चेक होता’ (नुसता तारण म्हणून दिलेला) हा बचाव तुमच्याकडे नाही, करारातच तो किमतीचा हप्ता म्हटलाय.

माझं मत स्पष्ट आहे : १५ ऑक्टोबरचा चेक वटू द्या. खात्यात पैसे ठेवा. त्याआधी, म्हणजे १० ऑक्टोबरच्या आत, नोटीस पाठवा की पहिला हप्ता आपले हक्क राखून देत आहोत आणि जानेवारीच्या हप्त्यातून अमुक रक्कम वजा करणार आहोत. जानेवारीचे सव्वातीन लाख तुमच्या आजच्या दाव्याला पुरून उरतात. दरम्यान १४ नोव्हेंबर येऊन जाईल, गाभणाचा आकडा पक्का होईल, लसीच्या नोंदी हाती येतील. पहिला हप्ता देणारा माणूस ‘पैसे बुडवायला खोट्या तक्रारी करतो’ असं कुणालाच वाटत नाही, मध्यस्थालाही आणि न्यायाधीशालाही.

जानेवारीच्या चेकचं वेगळं करायचं. वादात नसलेली रक्कम जानेवारीआधीच बँकेतून भरा आणि लेखी कळवा की चेकपैकी इतकी रक्कम पोचली, चेकवर तशी नोंद करा किंवा उरलेल्या रकमेचा बदली चेक घेऊन हा परत द्या. भाग रक्कम मिळाल्यावरही त्याने नोंद न करता पूर्ण सव्वातीन लाखांचा चेक टाकला, तर त्या चेकवरचं देणं त्या दिवशी तेवढं उरलेलंच नसतं, आणि १३८ ची फिर्याद तिथेच लंगडी पडते. नुसतं अडवून बसलात तर हा बचाव मिळत नाही.

नावाचे ६ लाख. त्याच्या भावाने सहा किलोमीटरवर शेळ्या पाळल्या म्हणून त्याला कोर्ट अडवणार नाही. धंदा करू नये अशी अट कायद्याने सहसा टिकत नाही. त्याला एक अपवाद आहे, धंद्याची पत (गुडविल) विकताना ठरावीक हद्दीत तोच धंदा करणार नाही असं लिहून दिलेलं, आणि ती हद्द वाजवी असेल तर. तुमच्या करारात ते वाक्यच नाही. ‘पंचवीस किलोमीटरच्या आत, तीन वर्षं, स्वतः किंवा घरच्यांच्या नावाने’ एवढी एक ओळ घातली असती तर आज हा परिच्छेद लिहावा लागला नसता. पण पत विकल्यावर जुन्या नावाने विकणं, जुना फार्म अजून आपलाच असल्यासारखं दाखवणं आणि जुन्या गिऱ्हाइकांना तुमच्याकडून ओढणं याला मनाई मागता येते. यादी तर त्याने पैसे घेऊन दिलीय. ग्रुपचा ॲडमिन कोण, नाव कोणतं, त्याने कोणत्या तारखेला कोणता बोकड टाकला आणि कोणत्या जुन्या गिऱ्हाइकाने घेतला, हे रोजच्या रोज जपा. गिऱ्हाईक साक्षीला येणार नाही, पण दोन ओळी लिहून देईल. ग्रुपची ॲडमिनकी तुमच्याकडे द्यावी ही मागणी नोटिशीत हवी, तिला पैसे लागत नाहीत आणि तिचा उपयोग सर्वांत जास्त.

शेडबाबत तुमची बाजू दुबळी आहे. जागा काकांची, करारावर सही पुतण्याची. पुतण्याला काकांची जागा पाच वर्षं भाड्याने द्यायचा अधिकार कुठून आला? आणि काकांनी सही केली असती तरी एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नोटरीच्या शिक्क्याने ते काम होत नाही. सातबारा काढा, नाव कुणाचं आणि बोजा कुणाचा ते बघा. (नंदुरबार, शहादा, अक्राणीकडे असा सौदा करणाऱ्या वाचकांनी जमीन आदिवासी खातेदाराची आहे का ते आधी पाहावं. ती बिगर-आदिवासीला भाड्याने घ्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.) तुम्ही काकांना भाडं बँकेतून देत राहा, पावती मागा, पुतण्याच्या हातात देऊ नका. काका जबरदस्तीने बाहेर काढू शकत नाहीत. काढलंच तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा करता येतो. पण शेळ्यांसाठी दुसरी जागा आतापासून बघून ठेवा, भाडेपट्टा नव्याने, काकांच्याच सहीने आणि नोंदवून मिळाला तर उत्तम. पत्रे, पाईप, गव्हाणी, पाण्याची टाकी यांतलं तुम्ही विकत घेतलेलं काय, याची फोटोसह यादी आजच करा. शेड सोडताना भांडण पत्र्यांवरूनच होतं.

४२० म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. सौदा करतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. कमी शेळ्या आणि क्रॉस बोकड एवढ्यावर पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतील, आणि ते चूक नाही. एकच गोष्ट चित्र बदलू शकते. शेळ्यांचे कान हाताने चाचपा. बिल्ला काढल्याचं भोक किंवा फाटलेला कान बऱ्याच शेळ्यांना असेल तर त्या आधी विमा किंवा बँक कर्जाखाली होत्या का, हे विचारायला हवं. कर्जावर घेतलेल्या शेळ्या बँकेच्या तारणात असतात, बँकेच्या ना-हरकतीशिवाय विकता येत नाहीत, आणि राष्ट्रीय पशुधन अभियानाचं अनुदान घेतलं असेल तर मंजुरीपत्रातल्या अटीही असतात. तसं निघालं तर कर्ज-तारण लपवून विकल्याचा तो गुन्हा आहे, आणि मग वकिलासोबत ठाण्यात जा. ग्राहक आयोगाकडे जाऊ नका, धंद्यासाठी घेतलेल्या मालात स्वतःच्या पोटापाण्यापुरता धंदा हे सिद्ध करण्यातच वर्ष जाईल. आणि ४ लाख रोख घेतल्याबद्दल आयकराची भीती त्याला दाखवू नका. दोन लाख किंवा जास्त रोख घेण्याचा दंड घेणाऱ्यालाच बसतो हे खरं, पण धमकीचा मेसेज तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल.

नोटीस वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, आणि तीच व्हॉट्सॲपवर. त्यात विशेषणं नकोत. सहा शेळ्या, एक बोकड, लसीच्या नोंदी, ग्रुप, काकांचा भाडेपट्टा, एवढे मुद्दे, प्रत्येकापुढे रक्कम किंवा मागणी, आणि पंधरा दिवसांची मुदत. सोबत मोजणीचा पंचनामा जोडा. पशुधन पर्यवेक्षक किंवा डॉक्टर, पोलीस पाटील आणि दोन शेजारी यांच्यासमोर शेळ्या एकेक करून मोजा, बिल्ला नंबर, रंग, दात (दोन दाती, चार दाती, जुळलेली) आणि गाभण-भाकड असं लिहा. बाजारच्या आठ वेगळ्या कागदावर. दावा तीन लाखांच्या वर नेणार असाल तर तो व्यापारी वादात मोडण्याची शक्यता मोठी. मग तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जावंच लागतं. तसंही तुमच्यासारखं प्रकरण तिथेच मिटावं. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई चेकची आहे, दाव्याची नाही.

मिटलंच तर पुरवणी करारनामा करा, जुन्या कराराचा दिनांक घालून, योग्य स्टॅम्पवर. त्यात शेळ्या बिल्ला नंबराने, कापलेली रक्कम कारणासह, ग्रुप आणि पेज कोणत्या तारखेला तुमच्या नंबरवर येणार ते, जुनं नाव किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव वापरणार नाही आणि ठरलेल्या हद्दीत ठरलेली वर्षं हा धंदा करणार नाही हे, त्याच्यासोबत त्याच्या भावाच्याही सहीने. सहा शेळ्या देतो म्हणाला तर पैशाऐवजी शेळ्या घेऊ नका. घेतल्याच तर पीपीआर टोचून २१ दिवस झालेल्या, चार दातांच्या आतल्या, आणि तुमच्या शेडबाहेर वेगळ्या बांधायच्या. जानेवारीचा मूळ चेक हातात आला की मगच सही करा, त्याची झेरॉक्स चालणार नाही.